कामावर हात गेला तेव्हा भेटलेल्या वकील मॅडम: साडेतीन वर्षांचा अनुभव

दवाखान्यातून सुटून बाराच दिवस झाले होते. शेठ आमच्या खोलीवर आले, सोबत मिस्त्री. आई गावाहून आलेली होती, तिने चहा ठेवला. शेठने पिशवीतून पाचशेचा स्टॅम्प पेपर काढला. मला दीड लाख रुपये मिळाले, माझी काही तक्रार नाही आणि पुढेही काही मागणार नाही, असं त्यावर टाइप केलेलं होतं. माझा उजवा हात गळ्यात बांधलेला. सही करता येणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून अंगठ्यासाठी शाईचं पॅडही आणलं होतं. मिस्त्री म्हणाला, "घे रे, कोर्टात गेलास तर हेपण जातील." मी पॅडकडे हात नेलासुद्धा. मेहुणा मध्ये पडला, "दोन दिवस द्या शेठ, विचार करून सांगतो."

त्या दोन दिवसांत मी ज्या वकील मॅडमकडे पोचलो, त्यांच्या कामाबद्दल लिहितोय. डाव्या हाताने टाइप करतोय, चुका असतील तर समजून घ्या. नाव आणि पत्ता देत नाही. वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, आणि माझं नाव कुठे टाकू नका असं मॅडमनी स्पष्ट सांगितलंय. भोसरीच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, खाली झेरॉक्सचं दुकान, लिफ्ट नाही. एवढंच.

आधी माझं सांगतो. मी निलंगा तालुक्यातला. २०१८ पासून एका लहान शेडमध्ये पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर होतो. आम्ही सात जण. मोठ्या कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या एका व्हेंडरचं जॉबवर्क आमच्याकडे यायचं, पत्र्याचे ब्रॅकेट. पन्नास टनी प्रेस. प्रेसला दोन हातांची बटणं असतात, म्हणजे दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय स्ट्रोक बसत नाही. आमच्या मशीनची ती बटणं बंद करून फूट पेडल जोडलेलं होतं, कारण पेडलवर माल जास्त निघतो. क्लच झिजलेला होता, हे आम्ही दोनदा सांगितलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये दुपारी जेवणानंतर मी जॉब काढायला हात घातला, पाय पेडलवर नव्हता, आणि प्रेसने डबल मारला, म्हणजे आपोआप दुसरा स्ट्रोक बसला. उजव्या हाताची चारही बोटं मुळापासून गेली. अंगठा राहिला. माझं वय तेव्हा ३१ होतं.

मॅडमच्या आधी दोघं भेटले. एक जण वॉर्डातच आला. वकील नव्हता, वकिलाचा माणूस होता. जे मिळेल त्याचे तीस टक्के, आणि कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा. दुसरे खरे वकील होते. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, पन्नास लाख आणून देतो, आज दहा हजार भरा. पन्नास लाख कुठून येणार ते विचारलं तर म्हणाले, ते आमच्यावर सोडा.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो मला विचित्र वाटला. "शेडमध्ये माणसं किती?" हात कसा गेला ते नंतर. सात म्हटल्यावर त्यांनी दोनदा खात्री केली, ठेकेदाराची माणसं धरून का, रात्रपाळीचे वेगळे का. कारण नंतर समजलं. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होतो आणि मग भरपाई ईएसआयकडूनच घ्यायची, मालकावर भरपाई कायद्याखाली दावा चालत नाही. रस्ता कुठला ते माणसं मोजल्यावरच ठरतं. आम्ही सात, म्हणून आमचा रस्ता तेव्हा लागू असलेला १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा. आमच्याकडे सगळे अजून वर्कमन कॉम्पेन्सेशनच म्हणतात.

मग त्यांनी माझा शाळेचा दाखला मागितला. भरपाई वयावर असते. कायद्याच्या शेवटी एक तक्ता आहे, प्रत्येक वयासमोर एक आकडा. ३१ वर्षांसमोर २०५.९५. माझा पगार १६,५०० होता, पण तो कायदा जास्तीत जास्त १५,००० च धरायचा. तेही जानेवारी २०२० पासून, त्याआधी ८,००० धरायचे. मॅडमनी जुन्या टाइप कागदाच्या पाठीमागे पेनाने लिहिलं: १५,००० चे ६० टक्के ९,०००. गुणिले २०५.९५, म्हणजे १८,५३,५५०. पूर्ण निकामी झालेल्या माणसाची ही रक्कम. आता दुसरा तक्ता, कुठला अवयव गेला तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली. एका हाताची चार बोटं, ५० टक्के. नुसता अंगठा गेला तर ३०. पूर्ण हात गेला तर ६०. माझे झाले ९,२६,७७५.

तो कागद मी घडी घालून पाकिटात ठेवला, अजून आहे. दीड लाखाला मी शाईचं पॅड जवळ ओढलं होतं. मला कुणी पैसे मिळवून दिले याच्याइतकंच हे मोठं वाटतं, की पहिल्याच दिवशी कुणीतरी माझ्यासमोर बसून हिशेब मांडला, मला गुणाकार करायला लावला, आणि म्हणालं, "हा आकडा माझा नाही, कायद्याचा आहे. कुणीही वकील केलात तरी इथूनच सुरुवात होणार." मी बारावी नापास आहे, पण मला तो हिशेब कळला. मग घरी बायकोला मीच समजावून सांगितला.

स्टॅम्प पेपरचं विचारलं. त्या म्हणाल्या, असा करार भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. नोंदवला नाही तर मालक त्याच्या जोरावर सुटत नाही. पण अंगठा दिलेला कागद खोडून काढण्यात वर्ष जातं, म्हणून देऊ नका. अर्ज करायला अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा घाबरून दोन दिवसांत निर्णय घ्यायची गरज नाही.

आणि फी. हे सगळ्यांनी नीट वाचा. टक्केवारीवर काम त्या घेत नाहीत. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवणं वकिलाला नियमाने चालतच नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्याहून पुढचं म्हणजे त्यांनी आधी सांगितलं की मला फुकट वकील मिळू शकतो. कामगाराला आणि दिव्यांगाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळायचा हक्क आहे, १५१०० या नंबरवर फोन लावा, हे स्वतः वकिलाने मला स्वतःच्या खुर्चीत बसून सांगितलं. मी तरी त्यांनाच वकील केलं. एकूण ४५,००० ठरले, पहिले ५,०००, बाकी जमेल तसे. प्रत्येक वेळी पावती.

आता काम कसं केलं ते.

दवाखान्याचा डिस्चार्ज कागद त्यांनी वाचला आणि थांबल्या. त्यावर लिहिलेलं होतं, घरी पत्रा लागून इजा. मला गाडीतून नेताना शेठ पुढे बसले होते, त्यांनीच काउंटरवर सांगितलेलं. मी शुद्धीत होतो पण बोलण्याच्या स्थितीत नव्हतो. मला वाटलं संपलं. मॅडमनी मला दवाखान्यात अर्ज द्यायला लावला, पूर्ण इनडोअर फाइलची, म्हणजे भरती असतानाच्या सगळ्या नोंदींची, प्रत पाहिजे, फक्त डिस्चार्ज नको. छप्पन्न पानं मिळाली. त्यात दुसऱ्या रात्रीच्या सिस्टरने ड्रेसिंगच्या नोंदीत लिहिलं होतं, कामावर मशीनमध्ये हात. मला आठवतं, त्या सिस्टरने विचारलं होतं, "कुठे झालं हो दादा हे?" आणि मी सांगितलं होतं. ती एक ओळ. मॅडमनी ती पेन्सिलीने अधोरेखित केली आणि पुढे तीन वर्षं ती ओळ आमच्या कामाला आली. ज्यांना दवाखान्यात न्यावं लागेल त्यांना मी हात जोडून सांगतो, कागदावर काय लिहिलं जातंय ते सोबतच्या माणसाने वाचायचं.

नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली. शेठचं उत्तर आलं, हा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता. नेमणूकपत्र नाही, पगार रोख. हजेरीची वही त्यांच्याकडे. मी तीन वर्षं त्या शेडमध्ये घाम गाळला आणि कागदावर मी तिथे नव्हतोच. त्या दिवशी मी ऑफिसमध्ये रडलो, लपवत नाही.

मॅडमनी विचारलं, "दसऱ्याला मशीनची पूजा करता ना?" करतो की. "फोटो?" फोनमध्ये २०२० च्या दसऱ्याचा फोटो होता. प्रेसला झेंडूची माळ, हळदीकुंकू, बाजूला मी, मिस्त्री, आणि मध्ये हातात नारळ घेऊन शेठ. मास्क हनुवटीवर. त्यात तीच प्रेस, तिचा नंबरसुद्धा दिसतो. फोटो फोनमधला असल्यामुळे त्याच्यासोबत वेगळं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते त्यांनी करून घेतलं. शिवाय गावाकडे पैसे लागायचे तेव्हा शेठने उचल म्हणून फोनपेवर तीनदा पैसे टाकले होते, ती नोंद काढली. आम्हाला वाटतं पुरावा म्हणजे शिक्क्याचा कागद. त्यांना पुरावा कुठे सापडतो ते ठाऊक आहे.

विम्याचं तर मला डोक्यातही आलं नसतं. मॅडम म्हणाल्या, मोठ्या कंपनीला माल जातो म्हणजे वरच्या व्हेंडरने तुमच्या शेठकडून कामगार भरपाईची पॉलिसी मागितलीच असणार. कोर्टातून कागद मागवले, आणि होती पॉलिसी. हप्ता भरलेला, अपघाताच्या दिवशी चालू. शेठने ती लपवली का, की विमा कंपनीला अपघात वेळेवर कळवला नव्हता म्हणून घाबरले, मला आजही कळलेलं नाही. विमा कंपनीला सामनेवाला नंबर दोन केलं. सात माणसांच्या शेडच्या मालकाकडून नऊ लाख वसूल करायला किती वर्षं गेली असती याचा विचार करा.

पुढे शेठच्या वकिलांनी नवीन म्हणणं मांडलं, बटणं यानेच बंद केली, चूक याचीच. मॅडमनी शेठना उलटतपासात शांतपणे विचारलं, "तुमच्या लेखी उत्तरात तर हा तुमच्याकडे कामाला नव्हता. मग कामाला नसलेल्या माणसाने तुमच्या मशीनची बटणं कधी बंद केली?" शेठ काही बोलले नाहीत. माझ्यासोबत काम करणारा एक मित्र साक्षीला आला, तोही नोकरी सोडल्यानंतरच. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, त्याची दोन लेकरं आहेत.

माझ्या उलटतपासाचा दिवस मात्र कडू आहे. इथे मॅडमबद्दलची माझी तक्रारही येते.

अर्ज करताना त्यांनी मला सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल सांगितला होता, सत्तरच्या दशकातला. एक सुतार कामावर पडला, डावा हात कापावा लागला. तक्त्यात त्याचे टक्के कमी होते, पण न्यायालय म्हणालं, एका हाताचा सुतार सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याचं नुकसान शंभर टक्के. मॅडमनी आमच्या अर्जातही शंभर टक्के मागितले, कारण प्रेस ऑपरेटर, वेल्डिंग, फिटिंग, हमाली, मला येत होतं ते सगळं उजव्या हाताचं काम होतं. मी ती सुताराची गोष्ट घरी दहा वेळा सांगितली. अठरा लाख धरून चाललो. बायकोने गावाकडे दोन खोल्या बांधायचं ठरवलं.

मधल्या काळात घर चालेना म्हणून मी एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसायला लागलो होतो, महिना ९,०००. विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "सध्या काही काम करता का?" मॅडमनी आधीच सांगितलं होतं, काहीही विचारलं तरी खोटं बोलायचं नाही. मी हो म्हणालो. निकालात ते वाक्य आलं. अर्जदार आज काही कमावतो, म्हणून तक्त्याप्रमाणे ५० टक्के.

खोटं बोललो नाही याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की दुकानात बसण्याआधी मी मॅडमना फोनवर विचारलं होतं, त्या घाईत "बसा की" म्हणाल्या, आणि या एका उत्तराने सुताराची गोष्ट अर्धी होईल हे तेव्हा कुणी मला सांगितलं नाही. कदाचित सांगितलं असतं तरी मी बसलोच असतो, भाडं द्यायचं होतं. पण माहीत असून बसलो असतो. हे मी त्यांना तोंडावर बोललो. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मी नीट समजावायला हवं होतं." हायकोर्टात अपील करायचं का विचारलं, साठ दिवसांची मुदत, खर्च आणि शक्यता दोन्ही सांगितल्या. आम्ही घरात बसून नको ठरवलं.

आणखी तक्रारी. संध्याकाळी सातनंतर फोन लागत नाही. तारखेचा मेसेज कधी कधी आदल्या रात्री दहाला यायचा, मग दुकानातली अर्ध्या दिवसाची मजुरी जायची. एकदा ज्युनियर आलाच नाही, तारीख पुढे गेली, दोन महिने. त्या कायद्यात लिहिलं होतं की तीन महिन्यांत निकाल लागावा. आमचा अर्ज जानेवारी २०२२ चा, निकाल नोव्हेंबर २०२४ चा. बाकीचा उशीर कोर्टातल्या गर्दीचा आणि समोरच्यांनी मागितलेल्या तारखांचा, त्याला मॅडम काय करणार. पण ते दोन महिने त्यांच्या ऑफिसचे.

पैसे असे आले. ९,२६,७७५ मूळ रक्कम. अपघातानंतर एका महिन्यात मालकाने पैसे भरायला हवे होते, न भरल्यामुळे तिथून पुढे १२ टक्के व्याज. विमा कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये भरले, तोवर व्याजाचे साधारण ३ लाख ८० हजार झाले होते. दवाखान्याचा आम्ही केलेला खर्च वेगळा, कायद्याने तो मालकाने द्यायचा असतो. आमचे ६२,००० गेले होते, मिळाले ५८,०००, कारण चार हजारांची औषधाची बिलं थर्मल कागदावर होती आणि ती कोरी झाली. आणल्या दिवशीच झेरॉक्स काढा. उशिराबद्दल मालकाला दंडही होऊ शकतो, रकमेच्या निम्म्यापर्यंत, आणि तो विमा कंपनी भरत नाही. त्याची नोटीस शेठना निघालीय, ते प्रकरण अजून चालू आहे.

एक लहान गोष्ट, जी दुसऱ्या कुठल्या वकिलाने सांगितली नसती. पहिल्याच महिन्यात मॅडमनी मला बँकेत पाठवलं, खात्यावरची नमुना सही बदलून घ्यायला. जुनी सही उजव्या हाताची. डाव्या हाताने सही करायला मी मुलीच्या दुरेघी वहीत सराव केला, ती तेव्हा पहिलीत होती, दोघं शेजारी बसून लिहायचो. साडेतीन वर्षांनी पैसे आले तेव्हा सहीवरून एक दिवसही अडलं नाही.

कुणाला जायचं असेल तर नेण्याचे कागद: वयाचा दाखला, दवाखान्याची पूर्ण फाइल, कामावरचे फोनमधले जुने फोटो, कुणीही कसेही पाठवलेल्या पगाराची नोंद, आणि सोबत काम करणाऱ्या सगळ्यांची नावं एका कागदावर. माझं प्रकरण जुन्या कायद्याखाली झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, त्यामुळे नवीन अपघात असेल तर आता काय लागू होतं ते त्यांनाच विचारा. शनिवारी दुपारी चारनंतर जा, तेव्हा कोर्टाची घाई नसते आणि त्या निवांत ऐकतात.

२०२५ च्या उन्हाळ्यात मी परभणीकडच्या एका पोराला घेऊन गेलो होतो. चाकणला कामाला, तेवीस वर्षांचा, दोन बोटं गेलेली. पूर्ण वेळ खिशात हात घालून बसला होता. मॅडमनी तोच प्रश्न विचारला, माणसं किती? साठ. पगारातून ईएसआय कापतात का? तो म्हणाला, कापतात, पण कामाला लागून वीसच दिवस झाले होते, म्हणून ठेकेदार म्हणतो तुला काही मिळणार नाही. मॅडम म्हणाल्या, कामावरच्या इजेला पहिल्या दिवसापासून लागू असतं. मालकाकडून अपघाताचा रिपोर्ट भरून घे, ईएसआयच्या दवाखान्यात जा, बरा होईपर्यंत पगाराचे नव्वद टक्के मिळतील, मग मेडिकल बोर्ड टक्के ठरवेल आणि त्याप्रमाणे महिन्याला जन्मभर. "माझ्याकडे तुझं काम नाही रे. रिपोर्ट द्यायला ठेकेदार टाळाटाळ करायला लागला तर मात्र ये."

त्याने खिशातून पाचशेची नोट काढली, डाव्या हाताने. मॅडमनी घेतली नाही. रिपोर्टसाठी मालकाला द्यायचा अर्ज त्यांनी तिथेच लिहून दिला, आणि आम्ही खाली येऊन त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या.